तालुक्याच्या कोर्टातली वकिली

सनद हातात पडली की रायगडच्या मुलामुलींपुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो मुंबईचा. मांडव्याहून लाँच धरली की तासाभरात गेटवे. २०२० पासून भाऊच्या धक्क्याची रो-रो आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू सुरू झाल्यावर उरण-पनवेलकरांना तर मुंबई हाकेच्या अंतरावर आली. उच्च न्यायालय तिकडे, मोठ्या सॉलिसिटर फर्म तिकडे, कंपन्यांची कामं तिकडे. १८ ऑगस्ट २०२५ ला कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग त्याला जोडले गेले; रायगड मात्र मुंबईकडेच राहिला. मग अलिबागला, मुरूडला, श्रीवर्धनला एक खोली भाड्याने घेऊन दारावर पाटी का लावायची?

माझं उत्तर सरळ आहे. मुंबई इतकी जवळ आहे म्हणूनच इथे चांगला वकील हवा. जमीन घ्यायला मुंबईहून येणाऱ्या माणसाबरोबर त्याचा वकील असतो, इंग्रजीत टाइप केलेला साठेकरार असतो, चेकबुक असतं. समोर बसलेल्या नागावच्या किंवा आक्षीच्या म्हाताऱ्या बाईजवळ सात-बाराचा एक चुरगळलेला उतारा असतो आणि फार तर पुतण्या असतो. तो करार तिला तिच्या बोलीत समजावून सांगणारा, ‘बाय, इथे आत्ता सही करू नको’ असं म्हणणारा माणूस तालुक्यात नसेल, तर तिच्या बाजूने कितीही कलमं असोत, ती तिच्यापर्यंत पोचत नाहीत.

हे पुस्तक अशा माणसाच्या कचेरीविषयी आहे. एक वकील, असला तर एक ज्युनिअर, दोघा-तिघांत मिळून एक कारकून, आणि कोर्टापासून चालत जाता येईल अशी एखादी खोली. ती उघडावी कशी आणि चालवावी कशी, एवढाच त्याचा विषय. माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो: तालुक्याच्या ठिकाणी कचेरी नीट चालवणं ही निम्म्याहून अधिक वकिली आहे. तारीख लिहिणं, पावती फाडणं, कोणाचं काम घ्यायचं नाही हे ठरवणं, मूळ कागद वेळेवर परत करणं, यांत पक्षकाराशी असलेली निष्ठा दिसते. कोर्टातला युक्तिवाद त्याच्या नंतर येतो.

छोट्या कचेरीतून मोठं काम होत नाही, असा एक समज मुंबईला जाणाऱ्यांच्या मनात असतो. त्यांना मी आपल्या जिल्ह्यातल्या एका दिवाणी दाव्याची आठवण करून देतो. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, हे शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. पुढचं मात्र वकिलांनाही नीट ठाऊक नसतं. त्याच वर्षी १२ डिसेंबरला सनातन्यांनी महाडच्या दिवाणी कोर्टात डॉ. आंबेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांविरुद्ध दावा लावला. त्याचा नंबर १९२७ चा ४०५. तळं खाजगी आहे आणि त्यावर स्पृश्यांचीच अनादि काळापासून वहिवाट आहे, अशी वादींची केस. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम मिळाला आणि डिसेंबरच्या परिषदेत, हजारो माणसं जमलेली असताना, बाबासाहेबांनी तळ्यावर जाणं थांबवलं. हुकूम आहे तोवर तो मानायचा आणि कोर्टातच लढायचं, असं ठरलं. मनाई पुढे उठली, पण दावा चालत राहिला. १९३१ मध्ये महाडच्या कोर्टात निकाल बाबासाहेबांच्या बाजूने लागला, १९३३ मध्ये वादींचं अपील फेटाळलं गेलं, आणि दुसरं अपील मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ ला निकाली निघालं. तळं नगरपालिकेचं ठरलं, अनादि वहिवाट शाबीत झाली नाही.

जवळजवळ सव्वानऊ वर्षं. या दाव्याकडे मी नवीन वकिलाला मुद्दाम दाव्याच्या नजरेने पाहायला सांगतो. हा खटला पुराव्यावर जिंकला गेला आहे. जागा नगरपालिकेच्या दप्तरात कशी आहे, जुन्या माणसांची साक्ष किती मागे जाते, वहिवाट म्हणजे नुसतं ‘आजवर कोणी आलं नाही’ की ‘आलेल्याला हटवलं होतं’, हे सगळं आज तुमच्या-माझ्या वाटेच्या आणि विहिरीच्या दाव्यात जसंच्या तसं येतं. उलटतपासात हाच प्रश्न विचारावा लागतो.

आणि हा दावा लढणाऱ्या बॅरिस्टरची स्वतःची वकिलीही छोटीच होती. १९२३ साली त्यांनी मुंबईत वकिली सुरू केली तेव्हा सनदेच्या पैशांसाठी नवल भथेना या स्नेह्याची मदत घ्यावी लागली. मुंबईचे सॉलिसिटर त्यांना ब्रीफ देत नसत. ठाण्यासारख्या मुंबईबाहेरच्या कोर्टांत मिळतील ती कामं ते घेत आणि घर चालावं म्हणून बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवत. परळच्या दामोदर हॉलमधल्या त्यांच्या बसण्याच्या जागेत पक्षकारही येत आणि गाऱ्हाणी घेऊन गरीब माणसंही येत. सुरुवातीची पाच वर्षं हातात पैसा नाही म्हणून जो खचतो, त्याने ही हकीकत वाचावी.

आपल्या मातीत याची आणखी उदाहरणं आहेत. दि. बा. पाटील पेशाने वकील. त्यांच्या नेतृत्वाखाली जानेवारी १९८४ मध्ये उरणच्या शेतकऱ्यांनी संपादनात जाणाऱ्या जमिनीसाठी गोळ्या झेलल्या, पाच जण हुतात्मा झाले, आणि त्या लढ्यातून साडेबारा टक्के विकसित जमिनीचं सूत्र पुढे आलं. आज पनवेल-उरणच्या निम्म्या कचेऱ्या त्या साडेबारा टक्क्यांच्या वाटपाच्या, वारसांच्या आणि हस्तांतराच्या कामांवर उभ्या आहेत. ज्या कागदाने तुमचं भाडं निघतं तो कागद कोणी कमावून दिला, हे लक्षात असलेलं बरं.

आता कामाकडे वळू. रायगडच्या किनाऱ्यावर वकिलाचं अन्न मुख्यतः जमिनीतून येतं, आणि इथली जमीन वाचायची तर १९३३ पर्यंत मागे जावं लागतं. अलिबाग तालुक्यातल्या चरीच्या शेतकऱ्यांनी २७ ऑक्टोबर १९३३ ला, नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने, खोतांची जमीन कसायची नाही असा संप पुकारला. तो सहा-सात वर्षं चालला. माणसांनी जंगलातली लाकडं विकून, कंदमुळं खाऊन दिवस काढले, पण नांगर धरला नाही. डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर १९३७ मध्ये मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १९३९ चा कूळ कायदा, १९४८ चा कूळवहिवाट कायदा, १९४९ चा खोती निर्मूलनाचा कायदा, मग १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, ज्या दिवशी कसणारं कूळ कायद्याने मालक मानलं गेलं. हा सगळा इतिहास सात-बाऱ्याच्या उजव्या बाजूला, ‘इतर अधिकार’ या रकान्यात, तलाठ्याच्या अक्षरात बसलेला आहे.

एक उतारा समोर ठेवून पाहू. पक्षकार मोबाइलवर फोटो दाखवतो: चौलकडची एक वाडी, सोळा-सतरा गुंठे, मालकाच्या रकान्यात दोन भावांची नावं, ‘सगळं क्लिअर आहे वकीलसाहेब, फक्त सर्च द्या.’ पहिली गोष्ट, फोटोवर मत द्यायचं नाही. डिजिटल सहीचा ताजा उतारा आणि आठ-अ काढायचा. मग भोगवटादार वर्ग पाहायचा. वर्ग दोन असेल किंवा इतर अधिकारांत कूळवहिवाट कायद्याच्या कलम ४३ चा उल्लेख असेल, तर ही जमीन बहुधा कुळाला मिळालेली आहे. ३२-ग ची किंमत भरली का, ३२-म चा दाखला कुठे आहे, हे विचारायचं. २०१४ च्या दुरुस्तीपासून दाखल्याला दहा वर्षं झाली असतील, तर आकाराच्या चाळीस पट रक्कम भरून विक्रीची वाट मोकळी होते. ती भरली असेल तर चलन बघायचं, भरली नसेल तर खरेदीखताची तारीख पुढे ढकलायची. घेणारा शेतकरी आहे का, नसेल तर कलम ६३ चं काय, हेही इथेच.

मग खाली फेरफारांचे नंबर असतात. त्यातला एकेक काढायचा. संगणकावर मिळतील ते संगणकावरून, बाकीचे तहसीलच्या रेकॉर्डरूममधून, नकलेचा अर्ज देऊन. एखाद्या फेरफारात आजोबांच्या नावापुढे ‘ए. कु. मॅ.’ लिहिलेलं सापडतं. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. म्हणजे जमीन त्या एकट्याची नव्हती, त्याच्या भावांचे वंशज कुठेतरी आहेत. दुसऱ्या एखाद्या फेरफारात वारस नोंद होते, पाच नावं येतात, आणि पुढच्या उताऱ्यावर त्यांतल्या तीन बहिणींची नावं कंसात गेलेली दिसतात. का गेली? नोंदणीकृत हक्कसोड आहे का, की चावडीत घेतलेल्या जबाबावर काम उरकलं? फेरफाराने मालकी येत नाही आणि जातही नाही, हे तुम्ही परीक्षेत लिहून आला आहात. त्याचा अर्थ इथे कळतो. हिंदू वारसा कायद्यातली महाराष्ट्राची १९९४ ची दुरुस्ती, केंद्राची २००५ ची, आणि ११ ऑगस्ट २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, ही तिन्ही त्या तीन बहिणींसाठी आहेत.

मला या ठिकाणी थांबावंसं वाटतं. भाताच्या जमिनीला भाव नव्हता तेव्हा बहिणींना कोणी विचारलं नाही. आता गुंठ्याला लाखांचा भाव आला की भाऊ गाडी घेऊन सासरी जातात, माहेरची साडी नेतात आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कचेरीत आणून सही घेतात. ती सही कायदेशीर असते. त्या आधी तिला तिचा हिस्सा किती आणि त्याची किंमत किती, हे कोणी सांगितलेलं असतं का? हक्कसोडपत्र तुम्ही तयार करत असाल तर ते बहिणीला वेगळं बसवून, भाऊ खोलीबाहेर असताना, वाचून दाखवा. भावाने फी दिली असली तरी. दोन कामं हातची जातील. ती जाऊ द्यावीत.

मुरूड, श्रीवर्धन, म्हसळा हा भाग १९४८ पर्यंत जंजिरा संस्थानात होता. तिथे मागे जाताना नवाबाच्या काळच्या सनदा लागतात, मोडीतले दस्त लागतात, आणि मोडी वाचणाऱ्या माणसाचा फोन नंबर तुमच्या वहीत असावा लागतो. कोकणी मुसलमान घरांत वारसा व्यक्तिगत कायद्याने ठरतो, आणि निम्मे वारस आखातात किंवा आफ्रिकेत असतात. रेवदंडा-नवगावच्या बेने इस्रायली घरांचे वारस इस्रायलमध्ये. म्हणजे कुलमुखत्यारपत्र आलं. ते तिकडच्या भारतीय वकिलातीत साक्षांकित हवं आणि भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांकित व्हायला हवं. ते पाकीट ज्या दिवशी पोचलं तो दिवस पाकिटावरच लिहून ठेवा. पुढे तोच पुरावा होतो.

समुद्राजवळची जमीन असेल तर सात-बारा पुरत नाही, नकाशाही वाचावा लागतो. किनारा नियमनाची अधिसूचना आली १९९१ मध्ये, बदलली २०११ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये. भरतीरेषेपासून किती अंतरावर काय बांधता येतं हे प्रत्येक वेळी बदललं, आणि बांधकाम कोणत्या वर्षीचं आहे यावर कोणती अधिसूचना लागू हे ठरतं. मार्च २०१९ मध्ये किहीमच्या किनाऱ्यावरचा नीरव मोदी याचा बंगला सुरुंग लावून पाडला, ते चित्र सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. पण त्याच नियमांच्या कचाट्यात कोळीवाड्यातलं पिढीजात घरही सापडतं, ज्याला गावठाणाचा नीट नकाशा नाही आणि ज्याच्या भिंतीची दुरुस्ती करायलाही घरधनी बिचकतो. पुण्याच्या हरित न्यायाधिकरणापर्यंत जायची ताकद बंगलेवाल्यात असते, कोळणीत नसते. या विषयाचं प्रकरण आम्ही मुद्दाम मोठं ठेवलं आहे. त्यातच खारभूमीचे बांध फुटल्यावरची नुकसानभरपाई, मिठागरांच्या जागा आणि १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखाली पकडलेल्या बोटींची कामं आहेत.

आता कचेरी. ती उघडायला फार पैसा लागत नाही, आणि जिथे लागत होता तिथे कोर्टानेच लगाम घातला. ३० जुलै २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नावनोंदणीसाठी कायद्यात लिहिलेले ७५० रुपयेच घ्यायचे, अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. बार परीक्षा द्यावी लागते, ती द्या. पण सनद मिळाल्याच्या दुसऱ्या महिन्यात स्वतंत्र पाटी लावू नका. दोन-तीन वर्षं एखाद्या सिनियरकडे बसा, आणि सिनियरची निवड त्याच्या नावावरून न करता त्याच्या टेबलावरून करा. फाइल मागितली की मिळते का? पक्षकाराला पुढची तारीख कोण सांगतं? ज्युनिअरला दर महिन्याला काही मिळतं का? ऑक्टोबर २०२४ मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार विद्यावेतन द्यावं अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, आणि आपल्याकडे ती फार थोडे पाळतात. त्याची किंमत आपण देतो: ज्यांच्या घरी दोन वर्षं पोसायची ऐपत आहे त्यांचीच मुलं वकिलीत टिकतात; कातकरी वाडीतली, कोळीवाड्यातली मुलगी कायदा शिकूनही पतपेढीत नोकरी धरते. जे सिनियर हे वाचतील त्यांना माझी विनंती आहे की निदान एका ज्युनिअरपुरती ती शिफारस खरी करा.

पाटी साधी असू द्या. जाहिरात करायला आपल्याला मनाई आहे, पाटीवर पदं आणि मानसन्मान मिरवायलाही मनाई आहे, आणि ही मनाई छोट्या वकिलाच्या फायद्याची आहे. नाहीतर पैसेवाल्या कचेऱ्यांचे फलक वडखळच्या नाक्यापासून लागले असते. टेबल-खुर्चीवर खर्च करू नका. कपाटावर करा. आपल्याकडची हवा खारी आणि ओली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत कागद मऊ पडतो, शाई फुटते, टाचण्या गंजून स्टॅम्पपेपरवर तांबूस डाग पडतात. म्हणून टाचणीऐवजी दोरा, जमिनीपासून हातभर वर ठेवलेलं कपाट, आणि मूळ दस्त असतील तर ते प्लॅस्टिकच्या पाकिटात. ३ जून २०२० ला निसर्ग वादळाने श्रीवर्धन-मुरूडची छपरं नेली. २२ जुलै २०२१ ला महाडच्या बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला लागलं. स्कॅन करून ठेवणं ही या किनाऱ्यावर चैन राहिलेली नाही.

फाइली पक्षकाराच्या आडनावावर लावू नका. आपल्याकडे एका गावात पन्नास पाटील आणि तीस म्हात्रे, त्यांतले चौघे एकाच नावाचे. गाव, मग गट किंवा सर्व्हे नंबर, मग नाव वडिलांच्या नावासकट, असा क्रम ठेवा. ही सूची नुसती कागद सापडण्यासाठी नाही. नवं काम दारात आलं की आधी ती उघडायची: या गटातलं, या घरातलं काही आपण पूर्वी पाहिलं आहे का? पाच वर्षांपूर्वी थोरल्या भावाचं मृत्युपत्र तुम्ही केलं असेल तर धाकट्याचा वाटपाचा दावा तुम्हाला घेता येणार नाही. शहरात हे क्वचित घडतं. तालुक्यात दर महिन्याला घडतं, कारण वादी-प्रतिवादी दोघेही तुम्हाला एकाच लग्नात भेटतात.

डायऱ्या दोन ठेवा. एक कोर्टाच्या तारखांची, दुसरी मुदतीची. कोर्टाच्या तारखा आता ॲपवर दिसतात, सीएनआर नंबर टाकला की रोजनामाही दिसतो, आणि त्यामुळे नवे वकील पहिल्या डायरीबाबत निवांत झाले आहेत. खरा धोका दुसरीत असतो. समन्स बजावल्यापासून कैफियतीला ३० दिवस, कोर्टाने वाढवून दिले तर ९०. चेक परत आल्याची बँकेची चिठ्ठी मिळाल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस पोचल्यापासून १५ दिवस वाट, मग महिन्याच्या आत तक्रार. जिल्हा न्यायालयातल्या अपिलाला ३० दिवस, नकलेला लागलेले दिवस वजा करून. फेरफाराच्या निर्णयावर प्रांताकडे ६० दिवस. या तारखा कोणतंही ॲप तुम्हाला सांगत नाही, कारण प्रकरण अजून कोर्टात नंबर होऊन आलेलंच नसतं. संध्याकाळी कोर्टातून परतल्यावर, चहाच्या आधी, दोन्ही डायऱ्या समोर घेऊन कारकुनाबरोबर बसायचं. शेवटची तारीख लाल शाईने, तिच्या दहा दिवस आधीची हिरव्याने. १ जुलै २०२४ पासून फौजदारी कामात नवीन संहिता आल्या, पण त्याआधीच्या गुन्ह्यांना जुनी दंडसंहिता लागतेच. फाइलवर गुन्ह्याची तारीख मोठ्या अक्षरात लिहिली की गोंधळ होत नाही.

फीविषयी बोलायला आपल्याला संकोच वाटतो आणि त्याच संकोचातून भांडणं होतात. काम घेतानाच फी किती, खर्च किती, कोणत्या टप्प्यापर्यंत, हे मराठीत एका कागदावर लिहा, एक प्रत पक्षकाराला द्या. मिळालेला प्रत्येक रुपया फीचा की खर्चाचा हे वहीत वेगळं दाखवणं हा बार कौन्सिलचा नियमच आहे. कोर्ट फी, नकलेचा खर्च, मोजणीची फी यांसाठी दिलेले पैसे आपले नव्हेत. त्यांचं बँक खातंही वेगळं असलेलं उत्तम. प्राप्तिकरात ४४एडीए कलमाखाली निम्मं उत्पन्न नफा धरून विवरण भरता येतं, त्यामुळे हिशेब सोपा होतो, पण वह्या ठेवू नका असा त्याचा अर्थ कोणी काढू नये.

आणि आता ज्या गोष्टीसाठी मी ही प्रस्तावना लिहायला कबूल झालो ती. या किनाऱ्यावर वकिलाला सर्वात मोठा मोह आहे तो दलालीचा. जमीन कोणाची विकायला आहे हे आपल्याला आधी कळतं. घेणारा आपल्याकडेच सर्चला येतो. मध्ये टक्का ठेवला तर एका व्यवहारात तीन वर्षांची फी निघते. मग सुरू होतं: विकणाऱ्याचंही काम आपणच करायचं, घेणाऱ्याचंही, फी म्हणून एखादा गुंठा बायकोच्या नावावर, दावा जिंकला तर जमिनीचा चौथा हिस्सा. यांतलं एकेक नियमाने बंद आहे. दाव्याच्या निकालावर फी ठरवता येत नाही, ज्यात आपला पैशाचा हितसंबंध आहे त्या कामात उभं राहता येत नाही, एकाच व्यवहारात दोन्ही बाजूंना सल्ला देता येत नाही, वकिलीबरोबर दुसरा धंदा करता येत नाही. पण नियमाचं सोडा. ज्या दिवशी तुमचा टक्का खरेदीखतावर अवलंबून असतो त्या दिवशी त्या तीन कंसातल्या बहिणी तुम्हाला दिसेनाशा होतात. डोळ्यांसमोर फेरफार असतो आणि तुम्ही पान उलटता. जिल्ह्यातल्या कितीतरी दाव्यांची मुळं अशा एका उलटलेल्या पानात आहेत, आणि ते दावे पुढची पिढी वीस वर्षं लढते. दलालाची समाजाला गरज असेल. तो वेगळा माणूस असावा.

सुरुवातीला काम कमी असतं तेव्हा काय करायचं, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या पॅनेलवर नाव घाला. १९८७ च्या कायद्याने स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कोठडीतले आरोपी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. मानधन थोडं, पण उलटतपास शिकायला याहून चांगली जागा नाही. पोटगीचे अर्ज, मामलेदार कोर्ट कायद्याखाली वाट अडवल्याचे अर्ज, कातकरी वाडीवरच्या घरांच्या जागांची प्रकरणं, ही कामं शिकवतात आणि नावही करतात. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला परवानगीशिवाय जात नाही, हे जमीन महसूल संहितेचं कलम ३६-अ तोंडपाठ असलेला तरुण वकील सुधागड-रोह्याकडे आजही कमी पडतो.

पुस्तकाच्या मधल्या भागात नमुने दिले आहेत: फीचं पत्र, पावती, नकलेचा अर्ज, शोध अहवालाचा आराखडा, मुदतीच्या डायरीचं पान. ते जसेच्या तसे उतरवू नका. कायदे बदलतात, मुद्रांकाचे दर तर दर अर्थसंकल्पाला बदलू शकतात, म्हणून मूळ कायद्याची ताजी प्रत शेजारी ठेवून वापरा.

शेवटचं प्रकरण कचेरी बंद होण्याविषयी आहे, आणि ते बहुतेक तरुण वगळतील अशी मला भीती वाटते. आपल्याकडे वकील अचानक गेला की त्याच्या घरच्यांच्या पदरी कपाटभर कागद येतात. त्यांत कोणाचं मूळ खरेदीखत असतं, कोणाचं न नोंदवलेलं मृत्युपत्र, कोणाची उद्याची तारीख. बायको-मुलांना त्यातलं काही कळत नाही, पक्षकाराला संकोचाने दार वाजवता येत नाही, आणि कागद माळ्यावर जातात. म्हणून कचेरीत एक यादी असावी: कोणाचे कोणते मूळ कागद आपल्याकडे आहेत, कोणत्या तारखेला घेतले, परत केल्याची सही कुठे आहे. वर्षातून एकदा, मे महिन्याच्या सुटीत, संपलेल्या कामांचे कागद पोच घेऊन परत करावेत. आणि बारमधल्या एखाद्या विश्वासू सहकाऱ्याशी लेखी ठरवून ठेवावं की मला काही झालं तर तू त्या आठवड्याच्या तारखांना हजर राहून पुढची तारीख मागशील आणि पक्षकारांना कळवशील. पुढे कोणाला वकीलपत्र द्यायचं ते पक्षकार ठरवतील. त्या यादीचा आणि त्या पत्राचा नमुना शेवटच्या पानांवर आहे.